व्होल्वोच्या इतिहासातले महत्त्वाचे टप्पे कोणते?

सुरुवात १९२७ची. असार गॅब्रिएल्सन आणि गुस्ताफ लार्सन यांच्या कंपनीची पहिली गाडी त्या वर्षी १४ एप्रिलला स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या कारखान्यातून बाहेर पडली. पण माझ्या मते सगळ्यात मोठा टप्पा १९५९चा. विमानांच्या इजेक्शन सीटवर (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची) काम केलेले इंजिनिअर नील्स बोलिन यांनी छाती आणि कंबर दोन्ही धरणारा, एका हाताने लावता येणारा सीटबेल्ट बनवला. पेटंट असूनही व्होल्वोने तो इतर कंपन्यांना वापरू दिला. किती जीव वाचले असतील त्यामुळे! आज आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकमध्येही तोच पट्टा असतो. १९९९मध्ये मोटारींचा विभाग फोर्डने घेतला, २०१०मध्ये तो चीनच्या जीलीकडे गेला. ट्रक आणि बस बनवणारी व्होल्वो मात्र वेगळी कंपनी आहे.