बालाघाटाच्या उतारावरच्या सेंद्रिय द्राक्षांची व्हाइट वाइन सपक का लागते?

प्रश्न बीडकडच्या सेंद्रिय सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षजातीच्या वाइनचा आहे: वाइन सपक, वर सडक्या अंड्याचा वास.

सपकपणा उशिरा तोडणीतून येतो. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढलं की मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्यानं जळतं, साखर मात्र वाढतच राहते. म्हणून नुसत्या गोडीवर भुलू नका. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) 20 ते 22 आणि पीएच (आंबटपणाचं माप) 3.2च्या आसपास, दोन्ही सोबत मोजा. तोडणी पहाटेच करा, मणी हाताला गार लागतात तोवरच. पश्चिम उतारावर दुपारचं ऊन थेट लागतं. तिथली पानं विरळ करूच नका.

वास बहुधा गंधकाचा. भुरी या बुरशीरोगासाठीची शेवटची गंधक फवारणी तोडणीच्या किमान 30 दिवस आधी थांबवा. मण्यांवर उरलेल्या गंधकापासून आंबवताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. यीस्टला नत्र कमी पडलं तरी हाच वास येतो. केवडा या दुसऱ्या बुरशीरोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालतं, पण उशिरा मारलं तर मोरचुदातलं तांबं या जातीचा पेरूसारखा सुगंधच घालवतं. त्याची खरी हळहळ वाटते.

रस 10 अंशांवर रात्रभर निवळू द्या, मग 14 ते 16 अंशांवर आंबवा.