इंग्रजीतील ‘डूलॅली’ म्हणजे आपली देवळाली

‘डूलॅली’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आपण विचारला आहे. ‘डोके फिरलेला’, ‘भ्रमिष्ट’ असा त्याचा अर्थ असून तो नाशिकजवळच्या देवळालीच्या नावाचा अपभ्रंश आहे. ब्रिटिश काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कधीकधी महिनोन्महिने अडकून पडत, आणि हाताला काम नाही, वर उकाडा व आजारपण, यामुळे काहींचे चित्त ठिकाणावर राहत नसे. त्या अवस्थेला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, तो आपला ‘ताप’च. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि ‘टु गो डूलॅली’, म्हणजे वेड लागणे, हा प्रयोग उरला. तो मुख्यतः ब्रिटनमध्ये, घरगुती बोलण्यात ऐकू येतो. खऱ्या मनोरुग्णाविषयी तो कृपया वापरू नये.