इंग्लंडमधलं विद्यार्थ्यांचं घर आणि नवा भाडेकायदा

प्रश्न: मुलीला सप्टेंबरपासून लीड्सला एमएससीसाठी प्रवेश मिळालाय. पूर्वी मुलं सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून घर पक्कं करायची. आम्हीही तेच करावं का?
– एक पालक, नाशिक

उत्तर: खासगी घरमालकाकडे तो रस्ता आता बंद आहे. इंग्लंडच्या नव्या भाडेकायद्याचा १ मे २०२६पासूनचा नियम असा, की करारावर सही होण्याआधी भाडं घ्यायचंच नाही आणि सहीनंतर, राहायला जाण्याआधी, फार तर एका महिन्याचं मागायचं. तेव्हा कोणी ‘सहा महिन्यांचं पाठवा, मग चावी’ म्हणालं, तर पैसे पाठवू नका. बहुधा फसवणूकच असेल.

अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त नसते. भाडं महिना ६०० पौंड असेल तर ६०० × १२ ÷ ५२ × ५, म्हणजे सुमारे ६९२ पौंड. ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा झाल्याची पावती मागून घ्या. खरी अडचण जामिनाची आहे. आगाऊ भाड्याचा आधार गेल्यावर घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतात. काही विद्यापीठं स्वतःच जामीन राहतात. त्यांच्या निवास कार्यालयाला आत्ताच मेल करा.

विद्यापीठाच्या वसतिगृहाला आणि ठरलेली आचारसंहिता मानणाऱ्या खासगी वसतिगृहांना हा कायदा लागू नाही. तिथे एकदम भाडं भरता येतं, पण खासगी घरासारखं दोन महिन्यांची नोटीस देऊन मध्येच सोडता येत नाही.

प्रश्न: लेस्टरमध्ये आमचं घर चार विद्यार्थ्यांना भाड्याने आहे. मुदतीचे करारच गेले, मग उन्हाळ्यात घर रिकामं कसं करून घ्यायचं?
– एक घरमालक

उत्तर: कलम २१ची बिनकारण नोटीस गेली, पण विद्यार्थ्यांच्या घरांसाठी ‘ग्राउंड ४ए’ हे घर रिकामं करून घ्यायचं कायदेशीर कारण ठेवलंय. नव्या कराराआधीच लेखी कळवा, की हे कारण वापरलं जाऊ शकतं. इथेच बहुतेक जण चुकतात. सगळे भाडेकरू पूर्णवेळ विद्यार्थी हवेत, घर पुन्हा विद्यार्थ्यांनाच द्यायचं असावं आणि नोटीस चार महिन्यांची हवी. घर सोडण्याची तारीख १ जून ते ३० सप्टेंबरमध्ये पडली पाहिजे. ३१ ऑगस्टला घर हवं असेल, तर नोटीस एप्रिलअखेर हातात पडायला हवी.

नोव्हेंबरातच पुढच्या वर्षाच्या सह्या घेऊन ठेवायची सवयही सोडा. राहायला येण्याच्या सहा महिन्यांहून आधी करार झाला, तर हे कारण चालत नाही. १ सप्टेंबरला येणार असतील तर सही १ मार्चआधी नको. दोन मित्रांच्या छोट्या फ्लॅटला हे कारण मिळतच नाही, कारण किमान तीन असंबंधित भाडेकरूंचं सामायिक घर लागतं.

आणि चौघांचा एकच करार असेल, तर एकाने दिलेल्या दोन महिन्यांच्या नोटिशीने चौघांचाही करार संपतो. खोलीनिहाय करार केलेत तर हे टळतं, मात्र रिकामी पडलेली खोली भरायची जबाबदारी तुमची.