तीनदा अर्ज, तीनदा पहिल्याच राउंडला बाहेर

प्रश्न : ताई, मी आणि माझ्या मैत्रिणीने सलाईनच्या बाटलीला अडकवायची एक क्लिप बनवलीय, बाटली संपत आली की बझर वाजतो. १४ बाटल्यांवर ट्राय केलं, १३ वेळा बरोबर वाजला. तीन इनोव्हेशन स्पर्धांना अर्ज केला, तिन्ही वेळा पहिल्याच राउंडला आउट. जिंकलेल्या आयडिया आमच्यापेक्षा फार भारी होत्या असं खरंच वाटत नाही. अर्ज सोबत जोडलाय, चुकतंय कुठे?

उत्तर : अर्ज वाचला आणि पहिल्या वाक्यालाच अडखळले. "आमचे क्रांतिकारी स्मार्ट उपकरण आरोग्यसेवेचा चेहरामोहरा बदलून टाकेल." अगं, पण ते करतं काय? बझर येतो थेट दुसऱ्या पानावर आणि ते १४ पैकी १३ तर अर्जात कुठेच नाही, ते तुम्ही मला पत्रात सांगताय! मी स्वतः काही स्पर्धांचे अर्ज वाचायला बसलेय, एका बैठकीत गठ्ठाच्या गठ्ठा संपवायचा असतो, अशा वेळी दुसऱ्या पानापर्यंत धीर धरणारा परीक्षक क्वचितच भेटतो.

सुरुवात अशी करून बघा : "सलाईन संपत आल्याचं वेळेत कळावं म्हणून कुणालातरी बाटलीवर नजर ठेवावी लागते. आमची क्लिप बाटलीचं वजन ठरलेल्या आकड्याखाली गेलं की बझर वाजवते. १४ पैकी १३ वेळा वेळेवर वाजला." आणि लगेच पुढे, चौदाव्या वेळी का नाही वाजला तेही लिहा. बाटली स्टँडला टेकली होती म्हणून वजन पूर्ण क्लिपवर आलं नाही? सेल उतरला होता? जे असेल ते. पोरं हे लपवतात आणि परीक्षक नेमकं हेच शोधत असतो, कारण फेल का गेलं हे ज्याला माहितीय त्याने वस्तू खरोखर वापरून बघितलीय हे त्याला लगेच कळतं. कुणा नर्सच्या हातात देऊन बघितलीत का? नसेल तर अर्ज राहू दे बाजूला, आधी ते करा.

दुसरी गोष्ट, गुण कशाला किती ते नियमांत बऱ्याचदा दिलेलं असतं. तुमच्या तिन्ही स्पर्धांचे नियम काढून बघितले तर एकीत ३० टक्के गुण "वापरणाऱ्यांपर्यंत पोचण्याची योजना" याला होते आणि तुम्ही त्यावर दोन ओळी लिहिल्यात, सर्किटवर मात्र दीड पान! तिन्हीकडे तोच अर्ज कॉपी-पेस्ट केलाय हेही दिसतंय, एका ठिकाणी तर आधीच्या स्पर्धेचं नाव तसंच राहिलंय.

प्रोटोटाइप चकाचक हवा असंही काही नाही. माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी ब्रिटिश उद्योगपती हेन्री क्रेमर यांनी १९५९ साली बक्षीस लावलं होतं, एकमेकांपासून अर्ध्या मैलावरच्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फेरी मारायची. बऱ्याच लोकांनी देखणी विमानं बांधली, पण एकदा मोडलं की दुरुस्तीत महिने जायचे. अमेरिकन इंजिनिअर पॉल मॅक्रेडी यांनी आपलं गॉसमर कॉन्डोर हे विमान मुद्दाम असं बांधलं की पडलं तरी पटकन जोडून परत उडवता यावं, आणि १९७७ मध्ये ५०,००० पौंडांचं बक्षीस नेलं. तुमची क्लिपही अशीच पाडा, भिजवा, परत जोडा, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहून ठेवा, अर्जाचा निम्मा मजकूर तिथेच तयार होतो.

प्रश्न : स्पर्धेत आयडिया सांगितली तर चोरीला जाईल का? आधी पेटंट घ्यावं का?

उत्तर : चोरीपेक्षा मोठी रिस्क वेगळीच असते. स्टेजवर डेमो दिलात, व्हिडिओ टाकलात की तुमचा शोध जाहीर झाला असं धरलं जातं आणि युरोपात मग साधारणपणे त्यावर पेटंट मिळत नाही. अमेरिकेत स्वतःच जाहीर केलं असेल तर अर्जाला एक वर्ष मिळतं, पण सगळीकडे ही सवलत नसते. म्हणून पेटंट घ्यायचं मनात असेल तर स्पर्धेच्या आधी निदान प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा प्राथमिक अर्ज टाका, सोय असेल तिथे तो स्वस्त पडतो आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. नियमांतला हक्कांचा भागही वाचा, काही आयोजक एंट्री छापायची परवानगी अर्जातच घेऊन टाकतात. आणि परीक्षकांकडून गुप्ततेच्या करारावर सही मागत बसू नका, बहुतेक जण करत नाहीत.

प्रश्न : शेवटच्या दिवशी सबमिट केलं तर चालतं ना?

उत्तर : नियमाने चालतं. प्रेक्षकाला कुठला सिनेमा किती आवडेल याचा अंदाज सुधारायच्या नेटफ्लिक्सच्या १० लाख डॉलरच्या स्पर्धेत २००९ मध्ये दोन टीमचा निकाल हुबेहूब सारखा आला, १०.०६ टक्के सुधारणा, आणि बक्षीस गेलं २० मिनिटं आधी सबमिट करणाऱ्या टीमकडे. माझं स्वतःचं म्हणाल तर एकदा मुदतीला दहा मिनिटं असताना व्हिडिओ अपलोडला लावला, फाइल लिमिटपेक्षा मोठी निघाली, ती बारीक करेपर्यंत फॉर्म बंद. तेव्हापासून आदल्या दिवशीच टाकते.