शाळेच्या ग्रंथालयाकडे मुलं वळावीत म्हणून व्हिडिओ आणि क्यूआर कोड कसे वापरावेत?

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं पुष्कळ आहेत, मुलं मात्र फिरकत नाहीत, आणि मुख्याध्यापकांनी व्हिडिओ आणि क्यूआर कोडचं सुचवलंय. तर सुरुवात कुठून करावी? मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलचं ग्रंथालय सांभाळते आणि या दोन्ही गोष्टी वापरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्रंथालयाची जाहिरात करू नका, पुस्तकाची करा. तीही एका वेळी एकाच पुस्तकाची. कपाटांवरून कॅमेरा फिरतोय, मागे बासरी वाजतेय आणि कुणीतरी ‘ज्ञानाचं भांडार’ म्हणतंय, असा व्हिडिओ मुलं अर्ध्यावर सोडतात. सातवीतली मुलगी पुस्तक हातात धरून गोष्ट ऐन रंगात आल्यावर थांबली, तर मात्र ऐकणारा विचारतोच, मग पुढे काय झालं? ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरं सूत्र सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मी व्हिडिओ आणि कोड त्या कामाला जुंपते. एका कोडमागे एक पुस्तक आणि त्यावर बोलणारं एक मूल, एवढंच.

आपल्याकडे याची गरज जास्त आहे. आमची बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीत येतात. मराठी एका विषयापुरती उरते आणि मराठीचं कपाट आपोआप मागे पडतं. म्हणून आमचे बहुतेक व्हिडिओ त्याच कपाटातल्या पुस्तकांवर असतात. पुस्तक मराठी, पण त्याबद्दल कोंकणीत बोलायचं असेल तर मूल कोंकणीत बोलतं. मी कधीच अडवत नाही. शुद्ध बोलण्याची धास्ती गेली की मूल पुस्तकाबद्दल खरं काय वाटलं ते सांगतं.

आणि बोलायला आपली मुलं भीत नाहीत. जत्रेला, काल्याला देवळासमोर नाटक असतंच. कुणाचा बाबा काम करतो, कुणाचा काका पेटी वाजवतो. म्हणून संवाद लिहून देऊ नका, पाठ करून बोललेलं लगेच कळतं. मुलाला तीन प्रश्न विचारा: यात कोण आहे, त्याच्यावर काय संकट येतं, तू कुठल्या पानावर थांबू शकला नाहीस? उत्तरं देऊ द्या आणि तेवढंच ठेवा. एक ते दीड मिनिट पुरे. मुलाचं तोंड खिडकीकडे, मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा, पंखा बंद. चित्रापेक्षा आवाज जपा. जून-जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना चित्रण करूच नका, एक शब्द कळत नाही; कॉलरला लावायचा साधा माईक मिळाला तर उत्तम.

आता कोड. शाळेत मुलांकडे मोबाईल नसतो, नसावाच. मग ग्रंथालयाच्या दारावर कोड लावून तो स्कॅन कोण करणार? मोबाईल घरी आहे, म्हणून कोड घरी गेला पाहिजे. आम्ही तो पुस्तकखुणेवर छापतो, आणि पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवतो. तिथे तो ‘हे आवडलं असेल तर यानंतर कुठलं वाचशील’ असं सांगणाऱ्या दुसऱ्या पुस्तकाच्या व्हिडिओकडे नेतो. मला हीच जागा सगळ्यांत मोलाची वाटते, कारण पुस्तक संपवलेल्या मुलासारखा तयार वाचक दुसरा नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीआधी पुस्तकखुणा वाटल्या तर आणखी चांगलं. मूळ घरी सगळी भावंडं जमतात आणि एका मोबाईलभोवती पाच डोकी येतात.

पालकांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. मासळी बाजारापासून रस-ऑम्लेटच्या गाड्यापर्यंत सगळीकडे कोड आहेत, पण ते पैसे देण्याचे. म्हणून पालक सवयीने पैसे भरायचं अ‍ॅप उघडतात, आणि तिथे आपला कोड चालत नाही. काहींना फसवणुकीची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. कोडखाली शाळेचं नाव, पुस्तकाचं नाव आणि ‘मोबाईलच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा, इथे पैसे मागितले जात नाहीत’ एवढं ठळक छापा. पालकसभेत सांगायला एक उदाहरणही आहे: सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यात पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या त्यांच्या कामाचा मोठा वाटा होता.

कोड बनवताना खरी मेख वेगळीच आहे. मोफत कोड देणाऱ्या काही साइटचे कोड आधी त्यांच्याच सर्व्हरवर जातात आणि तिथून आपल्या व्हिडिओकडे. मुदत संपली की कोड बंद, आणि पुस्तकांत चिकटवलेले सगळे कागद वाया. म्हणून ‘स्टॅटिक’ कोडच घ्या, ज्यात पत्ता थेट कोडमध्येच असतो. तो पत्ताही यूट्यूबचा नको. गूगल साइट्ससारख्या ठिकाणी शाळेच्या खात्यावर प्रत्येक पुस्तकाचं एक पान करा आणि कोड त्या पानाचा बनवा. उद्या व्हिडिओ बदलायचा झाला किंवा पालकांनी काढायला सांगितला, तर पान बदलतं, छापलेला कोड तसाच चालतो. पत्ता जितका आखूड तितके चौकोन कमी आणि स्कॅन सोपं. डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने १९९४ मध्ये हा कोड मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी काढला, त्यामुळे थोडा मळला, फाटला तरी तो वाचता येतो. दुरुस्तीची सर्वांत वरची ‘एच’ पातळी निवडली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं, आणि आपल्या दमट हवेत तीच निवडावी. इंकजेटची शाई पावसाळ्यात पसरते, लेझर प्रिंट घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड चमकतो. पुस्तकखुणेवर अडीच सेंटिमीटरचा कोड पुरतो. फलकावर तो जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या दहाव्या भागाइतका तरी मोठा ठेवा. चारही बाजूंना पांढरी जागा सोडा, तिथे नक्षी नको.

मुलांच्या बाबतीत मात्र सैलपणा नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असं म्हटलं आहे. आम्ही लेखी संमती घेतो, नाव सांगत नाही, व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ (लिंक असेल त्यालाच दिसणारा) ठेवतो आणि ‘मुलांसाठी’ अशी नोंद करतो. तशी नोंद केली की यूट्यूबवर टिप्पण्या बंद होतात. चेहरा दाखवायचा नसेल तर पुस्तक, दोन हात आणि आवाज पुरतो. लाजऱ्या मुलांना हाच मार्ग आवडतो.

आणखी एक, पुस्तक अख्खं वाचून दाखवू नका. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. बाकीबाब बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०४४ अखेरपर्यंत हक्क आहे. पुस्तकाबद्दल बोलताना एखादा उतारा वाचणं वेगळं आणि पूर्ण गोष्ट चढवणं वेगळं.

व्हिडिओ पाठवण्याआधी ते पुस्तक कपाटात आहे ना ते पाहा. मूल धावत येतं आणि पुस्तक दुसऱ्याने नेलेलं असतं, तर पुढच्या व्हिडिओला ते येईलच असं नाही. शक्य असेल तिथे दोन प्रती घ्या, नाहीतर एका वहीत रांग लिहा आणि मुलाला त्याचा क्रमांक सांगा. किती जणांनी पाहिलं हा आकडा मी फारसा मोजत नाही. पुस्तक किती जणांच्या घरी गेलं ते देवघेवीच्या रजिस्टरवरून कळतं, तेच मुख्याध्यापकांना दाखवा.

मुहूर्त हवा असेल तर १२ ऑगस्ट, रंगनाथन यांचा जन्मदिवस आणि राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. पाच-सहा पुस्तकं, पाच-सहा मुलं, तेवढेच कोड. छापायला देण्याआधी प्रत्येक कोड कुणाच्या तरी जुन्या, स्वस्त मोबाईलवर, वायफाय बंद करून तपासा. बहुतेक घरांत तसाच मोबाईल असतो.