आधी लहरीला आत येऊ दे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड) मेणात मिसळून मायक्रोवेव्ह लहरी शोषणारा थर बनवायचा तुझा बेत चांगला आहे. नॅनोट्यूब वाढवल्या की शोषण वाढतं, हे मात्र धरून चालू नकोस. एका मर्यादेपलीकडे त्या एकमेकींना भिडतात, विजेला सलग वाट मिळते, परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा) झपाट्याने चढते आणि लहर पृष्ठभागावरूनच माघारी फिरते. जी आत शिरलीच नाही, ती शोषली जाणार कशी? म्हणून मेणात वजनाने १, २, ५ आणि १० टक्के नॅनोट्यूब असे चार नमुने कर. मर्यादा कुठे आहे ते त्यातूनच दिसेल.

जाडीचा हिशोब कागदावर मांड. १० गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ३० मिलिमीटर. परमिटिव्हिटी ९ आणि परमिअ‍ॅबिलिटी (चुंबकीय क्षेत्रासाठीचा तसाच आकडा) १ धरली, तर पदार्थात तरंगलांबी १० मिलिमीटर होते. धातूच्या पत्र्यावर चतुर्थांश लांबीचा थर २.५ मिलिमीटरचा; त्यात वरून आणि पत्र्यावरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात. परतलेल्या शक्तीच्या आलेखातला खोल खड्डा बराचसा या जुळणीतून येतो, आणि तो अरुंद असतो. त्यामुळे उणे ५० डेसिबलच्या मोहात पडू नकोस. उणे १० म्हणजे ९० टक्के शक्ती शोषली, उणे २० म्हणजे ९९. त्यापुढची सगळी धडपड उरलेल्या एका टक्क्यासाठी. किती पातळ थरात, किती रुंद पट्टा उणे १०च्या खाली राहतो, ते बघ.

खरी कसोटी नमुना बनवताना लागते. समाक्ष धारकात (मधे दांडा असलेल्या मोजणीच्या नळीत) बसणाऱ्या कडीचा बाहेरचा व्यास ७ मिलिमीटर, आतला ३.०४. दोन मिलिमीटर जाडीची मेणाची कडी जेमतेम ६० मिलिग्रॅम भरते, म्हणजे ५ टक्क्यांना नॅनोट्यूब फक्त ३ मिलिग्रॅम! एकेका कडीपुरतं तोलत बसू नकोस. एक ग्रॅमचं मिश्रण एकदम कर. पॅराफिन मेण हेक्झेन या द्रावकात विरघळव, नॅनोट्यूब टाकून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेव, मग ढवळत ढवळत हेक्झेन उडू दे. हे सगळं धूरकपाटातच (वाफ बाहेर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात). हेक्झेन लगेच पेट घेतं आणि त्याची वाफ नसांना घातक असते. कडी दाबल्यावर मोडून भिंगाखाली बघ. काळे ठिपके दिसले, तर गुठळ्या राहिल्या आहेत.

मॅग्नेटाइट जड आहे. वजनाने ५० टक्के टाकलं तरी मेणात आकारमानाने ते १५ टक्क्यांच्या आसपासच भरतं. तुलना करताना दोन्ही आकडे दे. त्याचे नॅनोकण हवेत ऑक्सिडाइझ होऊन मॅघेमाइट हे दुसरं लोह ऑक्साइड होतात आणि काळी पूड तपकिरी दिसू लागते. क्ष-किरण विवर्तनात दोघांच्या रेषा जवळजवळ एकाच जागी येतात, तेव्हा नुसत्या त्यावर विसंबू नकोस. रामन किंवा मॉसबाउअर वर्णपट तपासणी करून घे.

कडी आतल्या दांड्यावर सैल बसली, तर परमिटिव्हिटी कमी दिसते. विद्युतक्षेत्र तिथेच सर्वांत तीव्र असतं, त्यामुळे तिथली फट जास्त नडते. आणि परमिअ‍ॅबिलिटीचा काल्पनिक भाग (ऊर्जा किती खर्च होते ते सांगणारा) ऋण आला, तर ‘पदार्थ ऊर्जा बाहेर टाकतो’ असं लिहू नकोस. बाहेरून शक्ती न दिलेला पदार्थ लहरीत ऊर्जेची भर घालू शकत नाही. चूक मोजणीत किंवा गणितात आहे.

म्हणून सुरुवात नुसत्या मेणाच्या कडीपासून कर. परमिटिव्हिटी २.२च्या आसपास आणि परमिअ‍ॅबिलिटी १ येईपर्यंत मोजणीयंत्राचं कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा कर. नॅनोट्यूबची बाटली तोवर उघडू नकोस.

तुझा शुभचिंतक