हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपणार हे खोटं ठरलं, मग तापमानवाढ माणसामुळे होतेय हे तरी का मानायचं?

तुम्ही लिहिलंय की काकांनी घरच्या ग्रुपवर '२०३५ चा घोटाळा' टाकला आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. काकांचा मुद्दा खोटा नाही, म्हणूनच सुचलं नसेल. २०१० च्या जानेवारीत हाच मुद्दा मी स्वतः तावातावाने मांडत होतो. तेव्हा पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करत होतो आणि आमच्या विभागात चहाला दुसरा विषय नव्हता.

भूशास्त्राची माणसं या बाबतीत जात्याच संशयी. ६.६ कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकावर, रोज हातोडा मारणाऱ्याला शे-दीडशे वर्षांतल्या एका अंशाचं काय वाटणार? आमचे एक सर फील्डवर कात्रजच्या घाटात उभे राहून विचारायचे, "अरे, हा डोंगर ओतला गेला तेव्हा कुणाची मोटार चालू होती?" आम्ही हसायचो. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आधी २०३५ चं प्रकरण नीट सांगतो, कारण ते नेहमी अर्धंच फिरतं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालाचा दुसरा खंड जवळजवळ हजार पानांचा आहे. त्यातल्या आशियावरच्या प्रकरणात असं वाक्य होतं की, हाच वेग राहिला तर हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. हे आलं कुठून? १९९९ मध्ये एका विज्ञान साप्ताहिकात छापून आलेल्या मुलाखतीतून ते २००५ मध्ये एका पर्यावरण संस्थेच्या अहवालात गेलं आणि तिथून थेट आयपीसीसीत. मूळ शोधनिबंध कुणी पाहिलाच नाही. शेजारीच दुसरा आकडा होता, की हिमनद्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल. तो १९९६ च्या एका रशियन अभ्यासकाच्या लेखनातला दिसतो, पण तिथे साल होतं २३५० आणि आकडा होता ध्रुवप्रदेश सोडून साऱ्या जगातल्या हिमनद्यांचा. हिमालयात पाच लाख चौरस किलोमीटर बर्फ आहेच कुठे? तीस-चाळीस हजारांच्या आसपास आहे. आमच्या वर्गातल्या कुणीही ते वाक्य पहिल्या वाचनात खोडलं असतं. शेकडो मीटर जाडीचा बर्फ अठ्ठावीस वर्षांत कसा संपेल?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये आपला अहवाल दिला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी तो प्रसिद्ध केला. हिमालयात सरसकट काही विलक्षण घडतंय असं मोजमापांत दिसत नाही, असं त्यात म्हटलं होतं. आयपीसीसीचे अध्यक्ष पचौरी यांनी त्याला 'व्हूडू सायन्स', म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान, म्हणून उडवून लावलं. दोन-अडीच महिन्यांत, २० जानेवारी २०१० ला, आयपीसीसीला त्या परिच्छेदाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. आम्ही कँटीनमध्ये कांदाभजी मागवली. आमच्याच बिरादरीतल्या म्हाताऱ्याने जगाला हरवलं होतं!

ती भजी पचायला मला काही वर्षं लागली. पहिली गोष्ट, ही चूक पकडली कोणी? रैनांच्या अहवालाने वाद पेटला हे खरं, पण चुकीचं मूळ शोधून काढलं ते कॅनडाचे ग्रॅहम कॉग्ली यांच्यासारख्या हिमनदीतज्ज्ञांनी. ऑस्ट्रियाचे गेओर्ग कासर तर अहवाल छापण्याआधीपासून हा आकडा चुकीचा असल्याचं सांगत होते. माणसामुळे तापमान वाढतंय याबद्दल या हिमनदीतज्ज्ञांना शंका नव्हती. ज्या पहिल्या खंडात भौतिकशास्त्राची मांडणी आहे, त्यात २०३५ चं नावही नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. रैनांकडची जुनी मोजमापं मुख्यतः हिमनदीच्या मुखाची होती, म्हणजे गोमुखासारख्या जागेची, जिथे बर्फ संपून पाणी सुरू होतं. गंगोत्रीची हिमनदी १९३५ पासून वर्षाला सरासरी वीसेक मीटर मागे गेली आहे, पण मध्येच काही वर्षं जवळजवळ थांबलेलीही दिसते. त्या थांबण्यावरच आम्ही उड्या मारत होतो. पण मुखावर दगडगोट्यांचा जाड थर असतो, खालचा बर्फ झाकलेला राहतो, आणि वर पडलेल्या हिमाचा परिणाम मुखापर्यंत यायला कित्येक वर्षं लागतात. त्यामुळे मुख जागच्या जागी दिसतं आणि मागे हिमनदी पातळ होत असते. मुख बघून हिमनदीची तब्येत सांगणं म्हणजे दुकानाची पाटी बघून गल्ल्यात किती आहे ते सांगणं. आम्ही भूशास्त्र शिकत होतो, हे आम्हाला कळायला हवं होतं.

जाडीचा हिशोब लागला तो गमतीशीर मार्गाने. शीतयुद्धात अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी सत्तरच्या दशकात हिमालयाचे फोटो काढून ठेवले होते. ते पुढे खुले झाले. त्यांवरून जुन्या पृष्ठभागाची उंची काढून नव्या उपग्रहांच्या मोजमापांशी ताडून बघितली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ६५० हिमनद्या होत्या. १९७५ ते २००० च्या मानाने २००० ते २०१६ मध्ये बर्फ जाण्याचा वेग दुप्पट झालेला निघाला, वर्षाला सरासरी जवळपास अर्धा मीटर जाडी. आणि हे स्पितीपासून भूतानपर्यंत साधारण सारखंच. काजळी किंवा पाऊसमान हे मुख्य कारण असतं तर ठिकाणागणिक मोठा फरक दिसला असता. (काराकोरममध्ये काही हिमनद्या स्थिर आहेत, काही वाढल्याही आहेत. काका ते काढतील, तयारीत राहा. ते खरं आहे.)

आता मूळ प्रश्न, की वाढ माणसामुळेच कशावरून. यात मला हिमनद्यांपेक्षा कार्बन जास्त पटतो, कारण कार्बनवर उगमाची खूण असते. झाडं हवेतला हलका कार्बन-१२ जास्त घेतात आणि किंचित जड कार्बन-१३ कमी. कोळसा आणि तेल हे जुन्या जीवांचेच अवशेष, त्यामुळे त्यांत कार्बन-१३ कमी. शिवाय ते इतके जुने की किरणोत्सर्गी कार्बन-१४ केव्हाच संपलेला. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये या दोन्हींचं प्रमाण खाली जात आलंय. वाढीव वायू ज्वालामुखीतून आला असता तर कार्बन-१३ असा घसरला नसता. तसेही आजचे सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या एक टक्काही वायू सोडत नाहीत. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये दहा लाख भागांत ३१५ भाग असलेला हा वायू आता ४२० च्या पुढे आहे, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेत गेल्या आठ लाख वर्षांत तो एकदाही ३०० च्या फार वर गेलेला नाही.

सूर्य म्हणाल, तर सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते थंड होताहेत. खालची उष्णता अडवली गेली की असंच होणार, हे मानाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच गणिताने दाखवलं होतं.

आणि सरांची मोटार? दख्खनचा लाव्हा लाखो वर्षं टप्प्याटप्प्याने ओतला जात होता आणि त्याच्याबरोबर सुटलेल्या वायूंनी तेव्हाचं हवामान हलवलं. म्हणजे कात्रजचा तो कडा सरांच्या विरुद्ध साक्ष देतो. हवेत काय मिसळलं जातं यावर हवामान ठरतं, हेच तो सांगतो. आता मिसळणारे आपण आहोत, आणि ते काम आपण दोन-अडीच शतकांत उरकतोय.

शंका घेण्यात गैर काहीच नाही. रिचर्ड म्युलर नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाला तापमानाच्या नोंदींवर विश्वास नव्हता. त्यांनी सगळ्या नोंदी मुळापासून तपासल्या. त्यासाठीचा काही पैसा तर कोक या तेलउद्योजक घराण्याच्या प्रतिष्ठानकडूनच आला होता. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की वाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे आहे. याउलट एक्सॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तापमानवाढीचे बऱ्यापैकी अचूक अंदाज काढले होते, आणि कंपनी पुढे कितीतरी वर्षं लोकांना 'अजून नक्की नाही' असं सांगत राहिली. एकाला शंका फिटायला हवी होती, दुसऱ्याला ती टिकायला हवी होती.

आपल्याकडची शंका बहुतेक वेळा वेगळीच असते. 'गोऱ्यांनी दोनशे वर्षं धूर सोडला, आता आम्हाला कोळसा बंद करा म्हणतात' हा खरा राग. तो रास्त आहे. भारतात माणशी वर्षाला दोनेक टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. पण हा भांडणाचा मुद्दा बिल कोणी भरायचं याचा आहे. जेवण झालं की नाही, याचा नाही. काकांशी बोलताना हे दोन आधी वेगळे करून घ्या, निम्मा वाद तिथेच मिटेल.

आणि एक कबूलही करून टाका. प्रत्येक अवकाळीला, प्रत्येक गारपिटीला 'क्लायमेट चेंज' म्हणणाऱ्यांवर काका चिडत असतील, तर माझी त्यांना साथ आहे. पावसाचं गणित तापमानाइतकं सरळ नाही. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्के घटला, आणि त्यात धूर-धुळीच्या कणांचा मोठा हात मानला जातो.

सर आता निवृत्त आहेत. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो तर मोटारीचा प्रश्न त्यांनी काढलाच नाही. म्हणाले, "कार्बन तुमचा, मान्य. पण तो दुप्पट झाला तर अडीच अंश वाढणार की चार, ते सांग. ढगांचं तुम्हाला अजून कळलेलं नाही." मी फराळाच्या ताटाकडे बघत बसलो.